ठोकळ्यावरचं टपाल

ला बे,
फेब्रुवारीचा तिसरा आठवडा

प्रिय जेर्व्हे,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. माझी आई ठणठणीत आहे. वृद्धाश्रमात बाकीच्या म्हाताऱ्यांना पत्त्यांत लुबाडते आणि वर त्यांनाच लबाड म्हणते. मीही बरी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे टेनेसीच्या कागदावर तू अजून सही केली नसशील, तर हे पत्र वाचून होईपर्यंत करू नकोस. केली असशील तरी वाच. तीस वर्षांत मी तुला कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि आतापर्यंत तीन कागद चुरगळून शेगडीत घातले आहेत.

तुझा पत्ता इव्होंने मिळवला. त्याचा ट्रक आता दक्षिणेला येत नाही, पण तुमच्या कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याशी त्याची जुनी दोस्ती आहे. त्याला फोन लावून, तुझ्या नावाने काहीतरी थाप मारून त्याने पत्ता काढला आणि माझ्या हातात ठेवताना म्हणाला, "घे बाई, कागदावर अजून जकात बसलेली नाही. बसायच्या आत लिहून टाक." फोन करायचं माझ्याही मनात आलं होतं. पण फोनवर मी नेमकं तेच बोलते जे बोलायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे.

इकडे कुणाचाच जीव थाऱ्यावर नाही, जेर्व्हे. भट्ट्या थांबवता येत नाहीत हे तुला मी काय सांगणार, तुझी पहिली नोकरीच त्यांच्यापाशी गेली. वीज तोडली की आतला धातू गोठतो, आणि गोठलेली भट्टी फोडून पुन्हा उभी करण्यापेक्षा नवीन बांधलेली परवडते. म्हणजे गिऱ्हाईक असो नसो, ॲल्युमिनियम रोज येतंच आहे. ओतकामाच्या विभागात धातूचे लांब गोल ओंडके ओतले जातात, मी करवतीवर त्यांची टोकं कापते, क्लेर्मों ते रचतो, आणि मग ते कुठे जाणार हे कुणालाच माहीत नसतं. तुमच्याकडच्या सरकारने आमच्या धातूवर जकात आधी किमतीच्या पावपट बसवली, मग निम्म्यापर्यंत नेली. मधल्या काळात दर आठवड्याला नवी अफवा. सकाळी म्हणतात, करार झाला, दुपारी म्हणतात, फिसकटला. गोदाम भरलं, मग अंगण भरलं, आता आमच्या गाड्या लावायच्या जागेवर ओंडक्यांच्या थप्प्या आहेत आणि आम्ही खालच्या रस्त्याला गाडी लावून बर्फातून चढ चढून कामावर येतो. मध्यंतरी माँट्रियलहून एक कोट घातलेला तरुण साहेब आला आणि म्हणाला, उत्पादन थोडं लवचीक ठेवता येईल का. क्लेर्मोंचा भाऊ गाई पाळतो, हे तुला आठवत असेल. क्लेर्मों त्याला म्हणाला, "साहेब, माझ्या भावाच्या गोठ्यात चला. गाईला सांगून बघू, आज डेअरी बंद आहे, दूध देऊ नकोस." साहेबाने ते वहीत लिहून घेतलं की काय कोण जाणे.

आणि एवढ्यावर भागलं नाही. माझ्या करवतीच्या पात्याला जे कठीण दात असतात ते टंगस्टनचे. टंगस्टन येतं चीनहून, आणि चीनने त्यावर परवान्याची अट घातली. आता नवे दात कधी येतील याचा पत्ता नाही, म्हणून मला हुकूम आहे की पातं जपून वापर, हळू काप. म्हणजे बघ, एक जण विकू देत नाही आणि दुसरा कापू देत नाही. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. मी आयुष्यभर लोकांकडून "ओदिल, जरा हात उचल" असं ऐकत आले, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर "ओदिल, जरा दमानं घे" असं ऐकते आहे. करवत हळू चालली की तिचा आवाज बदलतो, दाढ दुखत असलेल्या माणसासारखी कण्हते, आणि दिवसभर ते ऐकून मी घरी येते तेव्हा मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा मी स्वयंपाकघरात उभ्यानेच लिहिते आहे.

बरं, बर्फावरची बातमी देते. यंदा हा-हा खाडी लवकर गोठली. बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या खोपट्यांचं गाव नेहमीच्या जागी वसलंय, आपलं पिवळं खोपटं तिसऱ्या गल्लीत, धुराडं नेहमीसारखं डावीकडे कललेलं. बोटभर चंदेरी मासे भरपूर लागतात, पिठात घोळवून लोण्यात तळते. पण थंडी फार. शेजारच्या खोपट्यातल्या मादाम सिमारने परवा येऊन कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "अगं ओदिल, तुझ्या खोपट्याचं दार मासे घेऊन गेले काय? गोधडी काय लटकवलीयस!" मी म्हटलं, दुरुस्तीला दिलंय. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. ते असो, त्याचं नंतर सांगते.

त्या खोपट्याचा रंग आठवतो ना? कारखान्याच्या क्रेनला लावायचा पिवळा रंग, तू डब्यातून चोरून आणलेला, आणि आपण दोघांनी एका रविवारी फासला. धुराडं तू ठोकलंस आणि ते वाकडं बसलं. मी हसले तर म्हणालास, "वाऱ्याच्या दिशेने ठोकलंय, तुला काय कळतंय." दाराच्या बिजागऱ्याही उलट्या बसवल्या होत्यास, म्हणून आपलं दार सगळ्या खाडीत एकटंच आत उघडतं. मग जुनी भट्टीशाळा बंद झाली, तुझं नाव कमी केलेल्यांत आलं, आणि पेनसिल्व्हेनियातल्या मामाने बोलावलं. तू म्हणालास, चल. मी म्हणाले, आईला कोण बघणार. दोघांचंही खरं होतं. स्टेशनच्या कॉफीच्या दुकानात तू कॉफीत साखर ढवळत राहिलास, मग तुझी गाडी आली. खोपटं माझ्याकडे राहिलं.

लुसिएंबद्दल मी तुला कधी लिहिलं नाही, आपल्या खडूच्या टपालात नवऱ्याबद्दल काय लिहिणार. तो चांगला माणूस होता. खोपट्याचा पिवळा रंग कुठून आला हे त्याला लग्नाआधीच माहीत होतं. गावात कोण काय झाकून ठेवतो? तरी दर दोन-तीन हिवाळ्यांनी तो स्वतः जाऊन तोच पिवळा रंग आणायचा. एकदा मी म्हटलं, निळा लाव की. तर म्हणाला, "मासे ओळखणार नाहीत गं." त्यानंतर मी त्या विषयाला हात घातला नाही.

आणि मग नऊ वर्षांपूर्वीची ती सकाळ. ट्रकमध्ये ओंडक्यांच्या थरांमध्ये घालतात ते लाकडी ठोकळे रिकाम्या ट्रकबरोबर परत आले होते आणि मी ते रचत होते. एका ठोकळ्यावर पेन्सिलीने काढलेलं खोपटं. धुराडं डावीकडे कललेलं. जेर्व्हे, मी तो ठोकळा उलटा करून त्यावर बसले आणि क्लेर्मोंला सांगितलं की पायात गोळा आलाय. आपला माल तुझ्याच कारखान्यात जातो, तुझ्याच हाताखालून प्रेसमध्ये शिरतो आणि खिडक्यांच्या चौकटी होऊन बाहेर पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी खालच्या थरातल्या डाव्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर मी पिवळ्या खडूने मासा काढला. तो तुला सापडेल की नाही याची खात्री नव्हती. पुढच्या खेपेला ठोकळ्यावर तळणीचं भांडं आलं.

मला त्या टपालाची गंमत काय वाटायची सांगू? ते टिकत नसे. तुझ्या भट्टीत ओंडका तापला की माझा खडू जळून जायचा, आणि तुझा ठोकळा मी शेगडीत घालायचे. कुणाला काही दाखवायला उरत नव्हतं, आपल्या दोघांनासुद्धा. कागदावर लिहिलं असतं तर जुनं सगळं उकरून निघालं असतं. खोपट्याचं दार उघडं काढलं की इकडे सगळं ठीक, बंद काढलं की काहीतरी वाईट, एवढीच आपली भाषा. लुसिएं गेला तेव्हा मी बंद दार काढलं. तुझ्या ठोकळ्यावर नुसता एक बारीक क्रूस आला, बाकी काही नाही. चार ओळींची सांत्वनाची पत्रं पुष्कळ आली होती रे, पण तो ठोकळा मी जाळला नाही.

आता जानेवारीतला तुझा शेवटचा ठोकळा. एवढं मोठं तू कधी लिहिलं नव्हतंस, दोन्ही बाजू भरल्या होत्यास. आमचा धातू जकातीमुळे मालकाला परवडेना, चौकटी महागल्या, गिऱ्हाइकं प्लास्टिककडे वळली, मालक तुमचा विभाग बंद करून प्रेस टेनेसीला हलवतोय. तिकडे चला, नाहीतर थोडे पैसे घ्या आणि घरी बसा. फेब्रुवारीअखेर उत्तर द्यायचं. आणि त्याखाली आपलं खोपटं काढलं होतंस, धुराडं, खिडकी, बर्फातलं भोक, सगळं. फक्त दार काढलं नव्हतंस. दाराची जागा कोरी सोडली होतीस.

तो ठोकळा मी आठवडाभर कपाटात, ताटांच्या मागे ठेवला. मग एका सकाळी इव्होंच्या ट्रकसाठी थर लागत होते, तेव्हा खालच्या डाव्या ओंडक्यावर मी खोपटं काढलं आणि त्याला दार काढलं. इव्हों पट्टे आवळत होता. त्याला आपलं सगळं माहीत आहे, जेर्व्हे, पहिल्या वर्षापासून माहीत आहे. त्यानेच कितीदा पाऊस आला तर ते टोक ताडपत्रीने झाकलंय. त्या दिवशी मात्र मी त्याला बघू दिलं नाही, आधीच ताडपत्री ओढली. तो डोळा मारून म्हणाला, "नाजूक माल दिसतोय बाई. सावकाश चालवू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच ट्रक फाटकातून परत आत आला. सरहद्दीच्या अलीकडे त्याला फोन आला होता, तुमच्या मालकाने खरेदी रद्द केली, वळ मागे. इव्हों खाली उतरला आणि त्याने शिव्या द्यायला सुरुवात केली. चर्चच्या सामानाची नावं घेऊन द्यायच्या आपल्याकडच्या शिव्या तू विसरला नसशील. चर्चच्या वेदीवरचं एकही भांडं त्याने सोडलं नाही, सगळी एकात एक ओवून काढली. "अरे, मी काय फिरकी आहे का? इकडून सोडा, तिकडून गुंडाळा!" बाकीचे सगळे ट्रककडे बघत होते, कारण हा परत आलेला पहिला ट्रक होता आणि याच्यामागून बाकीचे येणार हे दिसत होतं. तेव्हापासून एकही दक्षिणेला गेलेला नाही. माल उतरवला, थप्पीला लावला, रात्री त्यावर बर्फ पडला. पुढच्या आठवड्यात हुकूम आला, रॉटरडॅमला पाठवा. धक्क्यावर जहाज लागलं. बर्फ फोडणारी बोट पुढे आणि ते जहाज मागे, असं ते खाडीच्या तोंडावरून जाताना मी खोपट्याच्या दारातून पाहिलं. त्यात आपला ओंडका होता. आता हॉलंडमधला कुणीतरी माणूस माझं खोपटं बघून डोकं खाजवत असेल.

इव्होंला वाटतं, माझं उत्तर तुझ्यापर्यंत पोचलं नाही म्हणून मी कासावीस आहे. म्हणूनच त्याने पत्त्यासाठी एवढी धडपड केली. रोज विचारतो, "लिहिलंस का गं? तो बिचारा वाट बघून टेनेसीला जायचा आणि तिथल्या उकाड्यात वितळायचा." मी त्याला काही बोलत नाही. तुला मात्र खरं सांगितल्याशिवाय हे पत्र संपवता येणार नाही.

मी दार बंद काढलं होतं, जेर्व्हे. चांगलं ठळक, कडीसकट. त्या आठवडाभरात मला तुझा फार राग आला होता. तीस वर्षांपूर्वी तुला कामाने नेलं, आणि आता काम संपलं तर तू विचारतोस, येऊ का. तुमचा कारखाना चालू असता तर विचारलं असतंस? मी काय गोदाम आहे, बाजार पडला की माल आणून ठेवायला? हे सगळं मी भांडी घासताना मोठमोठ्याने बोलले आणि मग जाऊन दार बंद काढलं. ट्रक परत आला, सगळ्यांचे चेहरे पडले, क्लेर्मोंच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी, देव मला क्षमा करो, मला एवढा आनंद झाला की तो लपवायला मी करवतीच्या मागे गेले. माझा नकार सरहद्दीवरून परत आला होता. नंतर थप्पीवरचा बर्फ क्लेर्मों फावड्याने काढत होता, मी म्हटलं, कशाला मेहनत घेतोस, परत आलेला माल आहे. तर माझ्यावर खेकसला, "परत आला म्हणून काय खोटा झाला? ओतला तेव्हा होता तसाच आहे. गिऱ्हाईक फिरलंय, ओंडका नाही." त्याच संध्याकाळी मी पेचकस घेऊन खाडीवर गेले आणि खोपट्याचं दार बिजागऱ्यांसकट काढून घरी आणलं. ते इथे स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभं आहे. राग अजून थोडा आहे, तो तू आलास की समोर बसवून काढीन, त्याची तयारी ठेव. पण पुन्हा कधी मनात आलं तरी मला आता ते दार लावता येणार नाही, कारण तुझ्या त्या उलट्या बिजागऱ्या कशा बसवायच्या ते तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही. मार्चच्या मध्याला खोपटी बर्फावरून ओढून घ्यावी लागतात. त्याआधी ये. गोधडीतून फार वारा येतो.

तुझीच, आणि हा शब्द खडूने कधी लिहिता आला नाही,
ओदिल